पूर्णांकांचा दुरंगी संच: खोकं उघडल्यावर आधी शून्य तपासा

पूर्णांक संख्या शिकवण्यासाठी जे संच मिळतात, त्यांचं रूप थोड्याफार फरकाने सारखंच असतं. एका बाजूने पिवळ्या आणि दुसऱ्या बाजूने लाल अशा चकत्या, उणे २० ते अधिक २० अशी संख्यारेषेची पट्टी, दोन फासे, एक-दोन सोंगट्या, पत्त्यांचा जुडगा आणि एक सरावपुस्तिका. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आतला माल हाच. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या प्रकारच्या संचाचं आहे. त्यातलं काय कामाचं, काय नुसतं खोकं भरायला टाकलेलं आणि वापरताना मूल नेमकं कुठे अडकतं, एवढंच बघायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. चकत्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी. छपाई नीट असेल तर पट्टीलाही तेवढेच. फासे काठावर पास. पुस्तिका बहुतेक वेळा नापास, आणि तिच्यामुळे बाकीचा चांगला संचही वाया जातो.

हे गुण देताना कसोटी एकच लावली आहे: हा भाग शून्याशी कसा वागतो? धन संख्या मुलांना आधीच येत असतात. ऋण संख्या म्हणजे शून्याच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर असलेलं धन संख्येचं प्रतिबिंब. ५ ची विरुद्ध संख्या −५, −५ ची विरुद्ध संख्या ५, दोघींची बेरीज ०. आरसा ठेवलाय शून्यावर. तो आरसाच तिरका बसला तर पुढची बेरीज-वजाबाकी कितीही घोटली तरी ती पाठांतर होते, समजूत होत नाही.

चकत्या

पिवळी चकती म्हणजे +१, लाल म्हणजे −१. एक पिवळी आणि एक लाल शेजारी ठेवली की शून्यजोडी; ती उचलली काय, ठेवली काय, टेबलावरची किंमत बदलत नाही. एवढा एकच नियम, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

बेरीज तर सरळच आहे. ५ + (−३) साठी पाच पिवळ्या, तीन लाल. तीन जोड्या उडाल्या, दोन पिवळ्या उरल्या. इथपर्यंत कुठलंही साधन चालतं, अगदी बोटंसुद्धा. चकत्यांची खरी परीक्षा वजाबाकीत होते.

५ − (−४) घ्या. टेबलावर पाच पिवळ्या आहेत आणि चार लाल काढून घ्यायच्या आहेत. पण लाल एकही नाही! मूल इथे थांबतं, आणि ते थांबायलाच हवं. लगेच नियम सांगू नका. चार शून्यजोड्या आणून ठेवायला सांगा. आता नऊ पिवळ्या आणि चार लाल आहेत, किंमत अजूनही ५ च. आता चार लाल उचला. नऊ पिवळ्या उरतात. वजा वजा अधिक कसं होतं ते कुणी न सांगता समोर दिसलं: लाल काढून घेता याव्यात म्हणून ज्या जोड्या आणल्या, त्यांतल्या पिवळ्या मागे राहिल्या. ही एक कृती दहा-बारा वेळा हाताने झाली की मूल आपणहून म्हणतं, 'मग सरळ चार पिवळ्याच आणल्या तर?' नियम लिहायची वेळ ती. त्याआधी नाही.

यासाठी चकत्या किती लागतात, हे खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. हिशेब सोपा आहे. दोन्ही संख्या १० च्या आत ठेवल्या तर सगळ्यात खादाड उदाहरण १० − (−१०). दहा पिवळ्या आणि दहा जोड्यांच्या वीस, अशा तीस चकत्या. दुरंगी असतील तर एका मुलाला तीस पुरतात. एकरंगी असतील, म्हणजे पिवळ्या वेगळ्या आणि लाल वेगळ्या, तर प्रत्येक रंगाच्या वीस लागतात. कारण −१० − १० करताना वीस लाल लागतात आणि १० − (−१०) ला वीस पिवळ्या. म्हणजे चाळीस. वीसच दुरंगी चकत्यांचा छोटा संच घेतला तर ६ − (−७) जेमतेम बसतं (६ आणि १४), ६ − (−८) ला दोन कमी पडतात. मूल मध्येच अडतं आणि चूक आपली असं त्याला वाटतं. तीसच्या खाली घेऊ नका. दोघांनी मिळून वापरायचं असेल तर साठ.

दुरंगी चकतीचा दुसरा फायदा म्हणजे विरुद्ध संख्या अक्षरशः हाताने करता येते. तीन पिवळ्या मांडा, तिन्ही उलटा: −३. पुन्हा उलटा: ३. −(−३) म्हणजे काय, याचं यापेक्षा सरळ उत्तर आम्हाला तरी माहीत नाही. मिश्र ढीगही उलटून बघा. पाच पिवळ्या आणि दोन लाल, किंमत ३. सगळ्या उलटल्या की पाच लाल, दोन पिवळ्या, किंमत −३. कंसाबाहेरचा वजा आतल्या प्रत्येक पदाला का लागतो, याची तयारी इथेच होऊन जाते; पुढे बीजगणितात −(५ − २) उघडताना पहिल्याच पदाचं चिन्ह बदलून थांबणारी मुलं निदान अर्धवट ढीग उलटल्याची चूक ओळखतात.

पण याच गुणात एक खोच आहे आणि ती कुठल्याही पुस्तिकेत सांगितलेली नसते. एक चकती उलटली की किंमत १ ने नाही, २ ने बदलते. पाच पिवळ्यांतली एक उलटा: चार पिवळ्या, एक लाल, म्हणजे ३. आता एखादं मूल 'एक वजा करायचाय' म्हणून चकती काढून न घेता उलटतं आणि ५ − १ = ३ लिहितं. त्याने चकत्या बरोबर मोजलेल्या असतात, म्हणून त्याला स्वतःची चूक सापडत नाही. उचलणं म्हणजे वजा करणं, उलटणं म्हणजे विरुद्ध घेणं. ही दोन कामं पहिल्याच दिवशी वेगळी करा, आणि दोन्ही एकाच उदाहरणात आणू नका.

मालाबद्दल. फोमच्या चकत्या आवाज करत नाहीत आणि जाडीमुळे उचलायला सोप्या, पण कडा लवकर कुरतडल्या जातात. प्लास्टिकच्या पातळ चकत्या टेबलाला घट्ट चिकटून बसतात, लहान बोटांना नखाने उचकटाव्या लागतात. त्यात एखादी उलटून पडते आणि उत्तर दोनाने चुकतं. दोनेक मिलिमीटर तरी जाडी हवी. फळ्यावर दाखवायचं असेल तर चुंबकवाल्या घ्याव्यात, मात्र त्या बहुधा एकाच बाजूने चिकटतात, म्हणजे उलटण्याचा खेळ संपला.

काही चकत्यांवर + आणि − छापलेलं असतं. कल्पना चांगली, पण चकती गोल आहे हे छापणारे विसरतात. अर्धीमुर्धी फिरली की + चा गुणिले होतो, आणि − उभा राहून इंग्रजी 1 सारखा दिसतो. चिन्ह हवंच असेल तर चौकोनी तुकडे बरे. नाहीतर नुसता रंग पुरे.

रंगही बघून घ्या. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण रंगांधळेपणात सगळ्यात जास्त गल्लत याच दोन रंगांची होते. लाल-पिवळी किंवा निळी-नारिंगी जोडी ठीक. लाल म्हणजे ऋण हा काही निसर्गाचा नियम नव्हे. जुन्या चीनमध्ये मोजणीच्या काड्यांत लाल काडी धन आणि काळी काडी ऋण धरत. लिउ हुई या गणितज्ञाने एका जुन्या गणितग्रंथावरच्या इसवी सन २६३ च्या आपल्या भाष्यात तसं नोंदवलं आहे. म्हणजे आजच्या संकेताच्या बरोबर उलट. तेव्हा रंगावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एकदा ठरवला तो संपूर्ण संचात तोच राहिला पाहिजे. चकत्यांत लाल ऋण आणि फाशांत लाल धन, असेही संच दिसतात. ते परत करा.

आता गुणाकार. ३ × (−४) छान होतो: चार-चार लाल, तीन ढीग, बारा लाल. (−३) × ४ ला 'शून्यातून चार-चार पिवळ्यांचे तीन ढीग काढून घ्या' असं म्हणावं लागतं. त्यासाठी आधी बारा शून्यजोड्या मांडायच्या, म्हणजे चोवीस चकत्या, मग बारा पिवळ्या काढायच्या, बारा लाल उरतात. (−३) × (−४) तसाच, फक्त लाल काढायच्या. बारा पिवळ्या उरल्या. तर्क एकदम चोख आहे, पण चोवीस चकत्या मांडेपर्यंत मुलाच्या डोक्यातला प्रश्नच निसटून जातो. एकदा करून दाखवा आणि सोडून द्या. त्यापेक्षा कागदावर उतरत जाणारी माळ लिहा:

३ × (−४) = −१२
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०
(−१) × (−४) = ?

प्रत्येक ओळीला उत्तर ४ ने वाढतंय. शून्यावर येऊन थांबायचं कारण काय? पुढची पायरी ४, मग ८, मग १२. इथेही दार शून्याचंच आहे.

भागाकारात चकत्या पुढे चालत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करावं. −१२ ÷ ३ म्हणजे बारा लाल तिघांत वाटा. −१२ ÷ (−३) म्हणजे बारा लालमध्ये तीन-तीन लालचे ढीग किती. हे दोन्ही जमतात. १२ ÷ (−३) मात्र ना वाटून होतं ना ढीग मोजून. तिथे गुणाकार उलटा विचारायचा: कशाला −३ ने गुणलं की १२ येतात?

संख्यारेषेची पट्टी

पट्टी हातात आली की वाचत बसण्याआधी दुमडा. घडी शून्याच्या रेघेवर घाला आणि उजेडासमोर धरा. ७ ची रेघ −७ वर, १५ ची −१५ वर अचूक बसली पाहिजे. बसत नसेल तर पट्टीवर लिहिलेल्या विरुद्ध संख्या विरुद्ध नाहीतच, एक बाजू ताणलेली आहे. लॅमिनेट केलेली जाड पट्टी दुमडता येत नाही. तिच्यावर दोऱ्याने मापा, शून्यापासून २० पर्यंतचा दोरा उलट बाजूला −२० ला टेकला पाहिजे. स्वस्त छपाईत ही चूक सर्रास असते. कारण साधं आहे: ऋण अंकांना चिन्हामुळे रुंदी जास्त लागते आणि मांडणी करणारा जागा करून देण्यासाठी त्या बाजूच्या रेघा थोड्या सरकवतो.

−२० ते २० या पट्टीवर ४१ रेघा आणि ४० मोकळ्या जागा असतात. दोन रेघांत २ सेंटिमीटर अंतर असलं तर ८० सेंटिमीटर झाले. एक मीटरच्या पट्टीत दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर बाण काढायला उरतात. बाण दोन्ही टोकांना हवेत. एकाच टोकाला असला तर ऋण संख्या −२० वर संपतात असा समज होतो. २ सेंटिमीटरपेक्षा अंतर कमी असलं तर सोंगटी दोन रेघांवर बसते आणि मग वाद सुरू.

काही पट्ट्या −१० ते २० अशा असतात. घेऊ नका. ११ ते २० या संख्यांच्या विरुद्ध संख्या कागदाबाहेर पडल्या. गंमत म्हणजे संगणकातही असा लंगडेपणा आहे. आठ बिटांत साधारणपणे −१२८ ते १२७ इतक्या संख्या साठवतात, त्यामुळे −१२८ ची विरुद्ध संख्या तिथे मावतच नाही आणि उलटायला गेलं की परत −१२८ च हाती येते. तिथे त्याला कारण आहे. शिकवायच्या पट्टीला तसं काही कारण नाही.

पट्टीवर मूल चुकलं की उत्तरच सांगतं चूक कुठली ते. −२ + ५ विचारा. बरोबर उत्तर ३. मुलाने २ सांगितलं तर त्याने −२ च्या रेघेलाच 'एक' म्हटलंय; उड्या मोजायच्या ऐवजी रेघा मोजल्या. ४ सांगितलं तर शून्यावर पाय न ठेवता −१ वरून थेट १ वर गेलंय. ७ आलं तर चिन्ह पाहिलंच नाही. −३ आलं तर अंकांतला फरक बरोबर काढला, पण चिन्ह पहिल्या संख्येचं लावलं. चार वेगळ्या चुका, चार वेगळे उपाय. 'पुन्हा कर' हा त्यांपैकी कुठलाच नाही. पहिलीसाठी बोट रेघेवर न ठेवता दोन रेघांमधल्या जागेवरून कमान काढायला लावा. दुसरीसाठी शून्याची रेघ जाड आणि वेगळ्या रंगाची हवी, आणि ही गोष्ट संच घेतानाच बघायची.

सोंगटीला नाक हवं. विनोद नाही हा. पट्टीवर वजाबाकी करण्याची जी पद्धत खरोखर चालते, ती तोंड कुठे आहे यावर अवलंबून असते. बेरीज असेल तर तोंड उजवीकडे, वजाबाकी असेल तर वळून डावीकडे. पुढची संख्या धन असेल तर पुढे चाला, ऋण असेल तर तोंड तसंच ठेवून मागे मागे चाला. २ − (−३): २ वर उभे राहा, वजाबाकी आहे म्हणून डावीकडे तोंड करा, −३ आहे म्हणून तीन पावलं मागे. पोचलात ५ वर. वजाबाकीचं चिन्ह आणि संख्येचं चिन्ह ही दोन वेगळी कामं करतात, हे यातून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कशातून नाही. गोल, बिनचेहऱ्याच्या सोंगटीला तोंडच नसल्याने संचातली ही सगळी सोय जाते. तशीच मिळाली असेल तर एका बाजूला टिकली लावून घ्या.

उभी पट्टी बहुतेक संचांत नसते, ही आमची तक्रार. −७ मोठी की −३, हा प्रश्न आडव्या पट्टीवर मुलं अंक बघून सोडवतात आणि सात मोठे म्हणून −७ लिहितात. उभ्या पट्टीवर, तापमापीसारख्या, −७ सरळ खाली दिसते. उणे सात अंश जास्त थंड, म्हणजे लहान, इतकं पुरतं. शून्यापासूनचं अंतर म्हणजे केवलमूल्य −७ चं जास्त आहे, हे खरंच; पण अंतर आणि लहान-मोठेपणा हे दोन प्रश्न आहेत. आडवीच पट्टी उभी करून भिंतीला लावता येते, फक्त अंक आडवे पडतात. उभे अंक छापलेली असेल तर उत्तम.

काही संच उभ्या पट्टीऐवजी इमारतीच्या मजल्यांचं चित्र देतात. त्यात तळमजल्याला ० लिहिलंय ना ते पाहा. तळमजल्यालाच पहिला मजला म्हणण्याची पद्धत जिथे आहे, तिथे पहिल्याच्या खाली थेट तळघर येतं, शून्य नावाचा मजलाच नाही. तसं चित्र असेल तर −१ वरून १ वर जायला एकच जिना चढावा लागतो आणि मूल म्हणतं, −१ आणि १ मधलं अंतर १. इतिहासाच्या कालरेषेचं तेच: इसवी सनपूर्व १ नंतर लगेच इसवी सन १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. चित्र देखणं असलं तरी पूर्णांकांसाठी ते खोटं. तापमान वापरा, सेल्सिअसच्या मापात शून्य जागेवर आहे.

फासे आणि पत्ते

पिवळा फासा धन, लाल फासा ऋण. दोन्ही टाकायचे, बेरजेइतकं पट्टीवर सरकायचं. खेळ वाईट नाही. पण नियमपत्रिकेत 'जो आधी २० किंवा −२० ला पोचेल' असं लिहिलेलं असतं तिथे घोळ आहे. दोन फाशांची बेरीज −५ ते ५ मध्ये हेलकावते आणि सहातून एकदा शून्यच येते, त्यामुळे सोंगटी मध्यावर रेंगाळते. ±२० ला पोचायला सरासरी सत्तर-पंचाहत्तर फेऱ्या लागतात. कुठलंही मूल तोवर थांबत नाही. हद्द ±१० करा, वीसेक फेऱ्यांत निकाल लागतो. शून्य आलेली फेरी मात्र फुकट गेली म्हणू नका, ती फेरीच शिकवते: ४ आणि −४ आले, सोंगटी हलली नाही, का? काही संचांत एकच फासा असतो, त्यावर +१ ते +३ आणि −१ ते −३. तो दिसायला सुटसुटीत, पण त्यावर शून्य कधीच पडत नाही. म्हणून आधीचे दोन फासेच बरे.

पत्त्यांत विरुद्ध संख्यांच्या जोड्या लावायच्या असतात. मोजून बघा. −२० ते २० म्हणजे ४१ पत्ते हवेत: वीस जोड्या आणि एकटं शून्य. ४० असतील तर शून्य गाळलंय. शून्य स्वतःचीच विरुद्ध संख्या आहे आणि अशी पूर्णांकांत ती एकटीच आहे. हा प्रश्न खेळात आपोआप उभा राहतो, तो पत्ता काढून टाकणं म्हणजे खेळाचा जीवच काढणं. चांगल्या जुडग्यात नुसत्या संख्यांबरोबर −(−४), |−४| (−४ चं केवलमूल्य) आणि −|−४| असलेही पत्ते असतात. पहिल्या दोघांची किंमत ४, तिसऱ्याची −४. एखाद्या पत्त्यावर −अ लिहून 'ही ऋण संख्या आहे का?' असं विचारलेलं असलं तर संच करणाऱ्याला विषय कळलाय असं समजा. अ = −६ असेल तर −अ = ६. अक्षरामागे वजा दिसला की संख्या ऋण, हा गैरसमज पुढे वर्षानुवर्षं छळतो.

सरावपुस्तिका

इथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. पहिल्याच पानावर चौकटीत 'वजा वजा = अधिक' असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा परिणाम पाचव्या पानावर दिसतो: −३ − ५ = ८. दोन वजा दिसले, अधिक करून टाकलं. हा नियम दोन ठिकाणीच लागतो: वजाबाकीच्या किंवा 'विरुद्ध' घेण्याच्या चिन्हाला लागून ऋण संख्या असेल तर, आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकार किंवा भागाकार असेल तर. −३ − ५ मध्ये दोन वजांच्या मध्ये ३ उभा आहे. ते एकमेकांशेजारी नाहीत. तीन लाल आणि आणखी पाच लाल, झाल्या आठ लाल. पुस्तिकेतली ती चौकट पेन्सिलने खोडा आणि चकत्यांपासून सुरुवात करा.

दुसरी अडचण शब्दांची. आपण −३ ला 'वजा तीन', 'उणे तीन' आणि 'ऋण तीन' असं तिन्ही म्हणतो, आणि पुस्तिकेत तिन्ही कुठेही येतात. चिन्ह एकच असलं तरी कामं तीन आहेत: ७ − ३ मध्ये कृती, −३ मध्ये संख्येचं नाव, −(३ + १) मध्ये 'च्या विरुद्ध'. कृतीला 'वजा', संख्येला 'ऋण' आणि तिसऱ्याला 'विरुद्ध' असं बोलायची सवय लावली तर ५ − (−४) हे 'पाच वजा ऋण चार' असं वाचलं जातं आणि निम्मा गोंधळ तिथेच सरतो. धन आणि ऋण हे शब्द काही उगाच आलेले नाहीत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये याच शब्दांत नियम मांडले: दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, आणि ते समान असतील तर शून्य. शून्यजोडीचं सूत्र तिथेच लिहिलेलं आहे.

'व्यस्त' या शब्दाकडेही लक्ष ठेवा. ५ चा बेरीज व्यस्त −५, गुणाकार व्यस्त १/५. पुस्तिकेत नुसतं 'व्यस्त लिहा' असं असेल तर प्रश्नच अर्धा आहे, मुलाला चूक धरू नका.

छपाईत एक बारीक दोष नेहमी आढळतो. ऋण चिन्हाच्या जागी आखूड जोडरेघ टाकतात, आणि ओळ संपली की चिन्ह वरच्या ओळीत आणि संख्या खालच्या ओळीत जाते. '−१२' तुटून वर नुसतं '−' आणि खाली '१२' असं दिसतं. मूल १२ घेऊन पुढे जातं, उत्तरसूची त्याला चूक ठरवते.

पडताळ्यासाठी कॅल्क्युलेटर वापरा असं पुस्तिकेत सांगितलेलं असेल तर एवढं लक्षात असू द्या. वजाबाकीची कळ आणि चिन्हाची कळ बऱ्याच यंत्रांवर वेगळी असते. साध्या यंत्रात आधी ३ दाबून मग ± दाबायचं असतं. आणि −३² टाकलं तर बहुतेक शास्त्रीय कॅल्क्युलेटर −९ देतात, कारण वर्ग फक्त ३ चा आहे. हेच एक्सेलमध्ये =−३^२ असं लिहिलं की ९ येतात, कारण तिथे चिन्ह आधी संख्येला चिकटतं. गणिताच्या वहीत −९ च बरोबर. ९ हवे असतील तर कंस घाला: (−३)².

घ्यावा की घरी करावा?

शिकणारी मुलं एक-दोनच असतील तर चकत्या घरीही होतात. एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा असा जाड पुठ्ठा घ्या, तीन सेंटिमीटरचे तीस चौकोन कापा. बाटल्यांची झाकणंही चालतात, पालथं धन आणि उताणं ऋण, फक्त उलटताना खडखड होते. पट्टीसाठी आलेखाचा कागद जोडून घ्या, म्हणजे रेघांमधलं अंतर आपोआप सारखं राहतं. मधोमध शून्य जाड काढा आणि मग दोन्हीकडे लिहीत जा. डाव्या टोकाच्या −२० पासून लिहायला सुरुवात केली तर शेवटची रेघ नेमकी कागदाबाहेर जाते. वर्गासाठी लागणार असेल तर तयार संच घ्या, पण सुट्या चकत्या आणि सुटी पट्टी स्वतंत्र मिळत असतील तर तेच घ्या. फासे आणि पुस्तिकेसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. आणि चकत्या पिशवीत परत भरताना मोजून भरा, तीसच्या एकोणतीस झाल्या की १० − (−१०) अडलंच.